सोनं मोडताना

कुंभकोणमच्या सराफबाजारात तोळा चालत नाही, तिथे पवुन चालतं. लेकीला चाळीस पवुन घातले, सुनेचे पंधरा पवुन बँकेत गहाण पडले, अशी सगळी भाषा. पवुन म्हणजे आठ ग्रॅम. दुकानाच्या पाटीवर त्यालाच सवरन म्हणतात, आणि ही दोन्ही नावं एकाच विलायती नाण्याची. त्या सॉव्हरिनचं वजन ७.९८ ग्रॅम, आणि ते पाडलं जायचं बावीस कॅरटमध्ये : चोवीस भागांतले बावीस भाग सोनं, उरलेले दोन मुख्यतः तांबं. नाणं बाजारातून गेलं, त्याचं वजन आणि नाव मात्र तमिळ लग्नघरात कायमचं राहिलं. आपल्याकडे याच्या उलट झालं. तोळा हे नाव राहिलं आणि वजन गेलं. ११.६६ ग्रॅमचा तोळा कधी दहा ग्रॅमचा झाला ते कुणी घरी सांगायला आलं नाही. आजीचा पाच तोळ्यांचा हार आणि नातीचा पाच तोळ्यांचा हार शेजारी ठेवले तर दोहोंत जवळपास एका पवुनाचा फरक निघतो.

हा हिशेब मला दादाने सांगितला. दादा माझा मामेभाऊ. आमचं आजोळ खानापूर तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या त्या कोरड्या पट्ट्यात, जिथे पावसापेक्षा मनीऑर्डरीची वाट जास्त पाहिली गेली. विटा, खानापूर, आटपाडी, पलीकडे साताऱ्याचं माण, या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची, तिचा टंच काढून द्यायचा. केरळ असो की बंगाल, सराफबाजार म्हटला की मागच्या बोळात एक मराठी गलाईवाला हटकून सापडतो. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, एक भट्टी, एक काटा, आणि भिंतीवर विठोबा किंवा गावच्या देवाचा फोटो. बाजारातली झगमग पुढच्या रस्त्यावर असते. सोनं खरोखर किती खरं आहे हे माहीत असलेला माणूस असतो मागच्या बोळात, धुराने काळवंडलेल्या खोलीत.

दादाचं दुकान आदि कुंभेश्वराच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाजारात त्याला सगळे ‘सेट’ म्हणतात. तो फोनवर गावाकडच्या बोलीत उसाच्या बिलाबद्दल भांडत असतो आणि त्याच वेळी समोरच्या पोऱ्याला तमिळमध्ये भट्टीचा वारा वाढवायला सांगत असतो. मी त्याच्याकडे मुक्कामाला गेलो की निम्मा दिवस देवळांत आणि निम्मा त्या खोलीत काढतो. खरं सांगायचं तर देवळांपेक्षा खोली मला अधिक आवडते.

मराठी माणूस या गावात पहिल्यांदा आला तो काही मूस घेऊन नव्हे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यांच्या मागोमाग कारभारी, कारकून, हरदास, स्वयंपाकी असे सगळे कावेरीच्या काठी आले. राज्य १८५५ मध्ये संपलं, घरं राहिली. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच कुंभकोणमचा, आणि घराणं मराठी. त्या जुन्या घरांतली मराठी ऐकताना आपण कुणाच्या तरी पणजीशी बोलतोय असं वाटतं. दादाच्या दुकानात अशी एखादी आजी आली की दोन मराठ्या समोरासमोर बसतात, दोघांनाही एकमेकांचं निम्मं कळतं, आणि मग दोघंही निमूटपणे तमिळवर येतात.

सोनं घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा रंग पाहतो. पिवळं धमक असलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. दादा याला हसतो. “पिवळं काय रं, पितळ बी पिवळंच असतंय.” सोन्याचा पिवळा रंग ही तशी नवलाचीच गोष्ट. बहुतेक धातू पांढुरके किंवा करडे; रंगाचे म्हणावेत असे सोनं आणि तांबं. सोन्याच्या जड अणुकेंद्राभोवती आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की सापेक्षतेचे नियम त्यांना लागू पडतात, आणि त्यापायी हा धातू निळा प्रकाश गिळतो व पिवळा परत देतो. आइनस्टाइन नसता तरी ते पिवळंच राहिलं असतं, पण का ते कळलं नसतं. हा झाला शुद्ध सोन्याचा रंग. दागिन्यात मात्र भेसळ असतेच, आणि असायलाच हवी, कारण चोवीस कॅरट इतकं मऊ की रोजच्या वापरात बांगडी वाकडी होईल. तांबं जास्त घातलं तर लालसर झाक येते, चांदी जास्त घातली तर फिकी, हिरवटसर. बावीस कॅरटचे दोन दागिने शेजारी ठेवून त्यांतला एक ‘जास्त सोन्याचा’ वाटावा, हे केवळ तांब्या-चांदीच्या प्रमाणामुळे घडतं. वर जुने कारागीर दागिना क्षारांत उकळून पृष्ठभागावरचं तांबं काढून टाकत, म्हणजे वरची कातडी आतल्यापेक्षा शुद्ध दिसे. डोळ्याची साक्ष सोन्याच्या खटल्यात कधीच चालली नाही ती यामुळे.

साक्ष चाले ती दगडाची. दादाच्या गल्ल्याशेजारी अजून तो काळा कसोटीचा दगड असतो, तमिळमध्ये उरैकल. दागिना त्यावर घासायचा, शेजारी ठरावीक कसाच्या सोन्याच्या काड्या घासायच्या, रेघांचे रंग ताडून पाहायचे, मग तेजाबाचा थेंब सोडायचा आणि कुठली रेघ किती पुसट होते ते बघायचं. आपलं बावन्नकशी आणि तमिळ लोकांचं पत्तरै माट्रु, म्हणजे साडेदहा माट्रु, ही दोन्ही अशा कस लावून मोजायच्या मापांची वरची टोकं. आपण ती आता माणसांना लावतो, सोन्याला नाही. दादा अजून दगड वापरतो, पण दगडावरची रेघ पाहून तो आकडा बोलत नाही. “अंदाज” म्हणतो, आणि यंत्राकडे किंवा भट्टीकडे वळतो.

तंजावर इथून चाळीसेक किलोमीटर. आपली मंडळी बृहदीश्वराला जातात ती भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहायला. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसल्यांच्या वंशाचा तो प्रचंड लेख पाहून छाती फुगते, आणि फुगावीच. पण त्याच देवळाच्या जोत्यावर राजराज चोळाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कोरवलेली सोन्याची जंत्री आहे, तिच्यासमोर फारसं कुणी थांबत नाही. कुठला दागिना, किती कळंजु वजनाचा, कुणी दिला, हे एखाद्या काटेकोर खजिनदाराच्या वहीसारखं दगडात लिहिलंय. सोनं ज्या मापाने तोललं त्या मापाचं नावसुद्धा दिलंय : आडवल्लान, म्हणजे नाचणारा शिव. रत्नांसाठी माप वेगळं, त्याचं नाव दक्षिणमेरु विटंकन. ज्या राजाच्या घराण्याने समुद्रापार आरमार पाठवलं, त्याला देवाच्या सोन्याचं वजन कुठल्या काट्यावर केलं हे सांगण्याची गरज वाटली. आपण आज पावतीवर एवढं तरी वाचतो का?

कुंभकोणममध्ये याच्या नेमकी उलट गोष्टही आहे. महामहम तळ्याच्या काठचे सोळा मंडप नायक राजांचा मंत्री गोविंद दीक्षित याने बांधले. राजाची सोन्याने तुला झाली आणि त्या सोन्यातून हे काम उभं राहिलं असं गावात सांगतात. एका मंडपाच्या छताला राजाच्या तुलेचं शिल्पही आहे. दर बारा वर्षांनी तिथे महामहमची जत्रा भरते, २०१६ मध्ये भरली, आता २०२८ मध्ये भरेल. तुलेचं ते शिल्प पाहताना मला दादाच आठवतो. तराजूत वजन दिसतं, कस दिसत नाही. राजाच्या त्या सोन्याचा टंच कुणी काढला होता, हे विचारणारा माणूस छतावर कोरलेला नाही.

एका दुपारी दुकानात एक बाई आल्या, बरोबर कॉलेजात जाणारा मुलगा. पदरात बांधलेली पुडी सोडली तर आत चार बांगड्या. चार पवुनाच्या, त्या म्हणाल्या, बावीस कॅरट, पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या. कुठल्या दुकानातून ते दादाने विचारलं नाही. त्या बोळात तो प्रश्न विचारायचा नाही असा संकेत आहे. काट्यावर वजन भरलं ३२.४०० ग्रॅम, म्हणजे चार पवुनापेक्षा थोडं जास्तच. बाईंचा चेहरा खुलला. बांगड्यांवर कुठलाही शिक्का नव्हता, फक्त आतल्या बाजूला दुकानाची दोन अक्षरं.

मग मूस तापली. बांगड्या कापून तिच्यात गेल्या, वरून सवागी, म्हणजे टाकणखार, पडली. हजार चौसष्ट अंशाला सोनं वितळतं. भेसळीचं त्याच्या थोडं आधीच. त्या वितळण्याला एक क्षण असा येतो की बांगडीचा आकार अजून असतो आणि बांगडी नसते. बाई त्या क्षणी दाराबाहेर पाहत होत्या. मुलगा मात्र मुशीवरून नजर काढत नव्हता. त्या खोलीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तसंच बसतं, आणि दादाला त्याचं वाईट वाटत नाही. सवागीने मळ वर ओढला, रस ओतला गेला, लगड पाण्यात चर्रर्र करून थंड झाली. वजन ३१.९५० ग्रॅम. जी घट आली ती मळाची, जुन्या डाखातल्या जळणाऱ्या धातूंची. लगडीच्या दोन टोकांचे कीस घेऊन तपासले. टंच आला ८४.२ टक्के.

दादाने कागदावर आकडे मांडले. बावीस कॅरट असतं तर ३२.४ ग्रॅममध्ये शुद्ध सोनं निघायला हवं होतं २९.७० ग्रॅम. निघालं २६.९०. दोन ग्रॅम आठशे मिलीचा फरक. बाईंनी कागद उलटा-सुलटा पाहिला, म्हणाल्या, पण अजून किती पिवळ्या होत्या!

त्या दुकानदाराने फसवलंच असेल असं मी म्हणत नाही, आणि दादाही म्हणाला नाही. पूर्वीच्या दागिन्यात जोड करायला जो डाख वापरत, त्यात तांबं-चांदी जास्त असे, कारण डाख मूळ सोन्याच्या आधी वितळला नाही तर दागिनाच वितळेल. अंग बावीस कॅरटचं, जोड कमी कसाचे. जितके जोड जास्त तितका सगळा मिळून कस खाली. नक्षीदार, जाळीच्या दागिन्यात तर हे ठरलेलंच. त्यावर तोड म्हणून कॅडमियमचा डाख आला, आणि सोनारांनी ‘केडीएम’ ही तीन अक्षरं अशा थाटात पाट्यांवर रंगवली की लोकांना ती सोन्याची एखादी उंची जात वाटली. कॅडमियम ३२१ अंशाला वितळतं आणि पुढच्या तापात वाफ होऊन उडून जातं, म्हणून मोडताना कस टिकतो. उडून जातं कुठे, तर कारागिराच्या फुप्फुसात. ते विषारी आहे, आणि मानकांत त्याला आता जागा नाही. तरी ‘केडीएम आहे ना?’ असं विचारणारं गिऱ्हाईक अजून भेटतं. चार पिढ्यांच्या सोनारकामात या तीन अक्षरांइतकी चुकीची जाहिरात दुसरी झाली नसेल असं माझं मत.

सरकारला सोन्याच्या कसात हात घालायची बुद्धी दोनदा झाली. पहिली १९६३च्या जानेवारीत, चीनच्या युद्धानंतर. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायला बंदी केली. लोक सोनं घ्यायचं थांबतील ही अपेक्षा. थांबला तो सोनारांचा हातोडा. लाखो कारागिरांची चूल विझली, काहींनी जीव दिले. चौदा कॅरटची अट तीन-चार वर्षांत मागे घ्यावी लागली, पण सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिलाच. गंमत पाहा : तेव्हा चौदा कॅरट लादलं म्हणून देश पेटला, आणि आता भाव इतके चढलेत की २०२५च्या जुलैपासून हॉलमार्कच्या यादीत नऊ कॅरट आलंय, आणि लोक आपण होऊन ते विचारतात.

दुसरी बुद्धी बरी निघाली. भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सोन्याचं हॉलमार्किंग सुरू केलं, तेव्हा ते ऐच्छिक होतं, म्हणजे ज्याला गरज नाही त्यानेच करायचं. १६ जून २०२१ पासून ते २५६ जिल्ह्यांत सक्तीचं झालं, पुढे जिल्हे वाढत गेले, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा हव्यात : ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, कस म्हणजे २२के९१६ असं, आणि तो सहा अक्षरांचा क्रमांक. ९१६ म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोनं. त्या जुन्या सॉव्हरिनचंच माप. अठरा कॅरटला ७५०, चौदाला ५८५.

हॉलमार्क केंद्रात काय चालतं ते दादा मोठ्या आदराने सांगतो, आणि एरवी तो सरकारी गोष्टींबद्दल आदराने बोलणाऱ्यांतला नाही. आधी क्ष-किरणांच्या यंत्रावर नग तपासतात. ते यंत्र झटपट, पण ते पृष्ठभागाच्या काही मायक्रॉन खालपर्यंतच पाहतं. जाड मुलामा त्याला चकवू शकतो. म्हणून निवडलेल्या नमुन्याचा कीस घेऊन अग्निपरीक्षा करतात. कीस चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र वाटीत तापवतात. शिसं तांब्यासकट वाटीत झिरपतं, सोनं-चांदीचा मणी उरतो. तो चपटा करून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते. मागे राहतं ते फक्त सोनं, तपकिरी आणि अजिबात न चमकणारं. ते तोलायचं. शुद्ध सोनं पहिल्यांदा हातात येतं तेव्हा ते पिवळं नसतं, हे मला त्या खोलीत कळलं. पुन्हा तापवल्यावर ते आपल्या ओळखीचं होतं.

दादाचा धंदाही याच विद्येवर चालतो. सोनारांकडून येणारा कचरा, झाडलोट, हात धुतलेलं पाणी, पायपुसणं, सगळं जाळून, धुऊन, आम्लात उकळून तो त्यातलं सोनं बाहेर काढतो. पुढच्या रस्त्यावर सोनं शुभ म्हणून विकलं जातं, मागच्या बोळात ते केरातून वेचलं जातं.

हॉलमार्कवर लोकांचा भरवसा बसला, हे चांगलंच. पण त्या खुणेला सगळंच माहीत असतं असं मानू नये. ती कस सांगते. किंमत सांगत नाही, घडणावळ सांगत नाही. तमिळनाडूतल्या सराफी दुकानांच्या फलकांवर दोन शब्द असतात, सेय्कूली आणि सेदारम : घडणावळ आणि तूट. ‘दोन्ही नाहीत’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी पाहिली की मला आधी भाव किती लावलाय ते पाहावंसं वाटतं. तूट म्हणजे घडवताना वाया गेलेलं सोनं. ते वाया कुठे जातं तर दादासारख्यांच्या भट्टीत, तिथून परत सोनाराकडे. गिऱ्हाईक मात्र त्याचे पैसे टक्क्यांनी मोजतं. आपल्याकडेही लाख भरलेल्या मण्यांचा साज किंवा खड्यांचा हार घेताना एकूण वजन आणि निव्वळ वजन यांत अंतर असतं, आणि ते अंतर सोन्याच्या भावाने विकलं जाऊ शकतं. दोन ग्रॅमच्या आतल्या नगांना हॉलमार्कची सक्ती नाही. कुंदन, पोलकी, जडाव यांनाही नाही. नेमकी चमकी, लहान वाट्या, बाळाची बाळी ही सगळी त्या फटीतून जातात.

त्या बाई गेल्यावर मी दादाला विचारलं, बाईंना घेतानाच कसं कळलं असतं? तो म्हणाला, “घेताना कोण मोडायचं बघतंय?” एवढंच. सोनं घेताना घरात लग्न असतं, साखरपुडा असतो, दिवाळी असते. दुकानदार गार सरबत पाजतो. मोडताना घरात आजारपण असतं, फी असते, बुडालेला हंगाम असतो. एकाच दागिन्याकडे पाहणारी ही दोन वेगळी माणसं, आणि पहिल्याने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्याला द्यावी लागतात. मुलाच्या फीसाठी त्या बांगड्या आल्या होत्या. दोन ग्रॅम आठशे मिली म्हणजे त्या घरात कितीतरी होते.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात बसलात की भावाची घासाघीस सुरू करण्याआधी भिंग मागा. दहापट दाखवणारं भिंग ठेवणं दुकानदाराला बंधनकारक आहे, तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. सहा अक्षरं वाचून तिथल्या तिथे फोनवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. नग कोणता, कस किती, कुठल्या केंद्रात तपासला, हे समोर येतं. अंगठीचा क्रमांक टाकून हार निघाला तर उठून या. हॉलमार्कचा आकार नगामागे ४५ रुपये अधिक कर एवढाच आहे, त्याहून जास्त कुणी लावला तर विचारा. पावतीवर निव्वळ वजन, कस, खड्यांचं वजन आणि घडणावळ वेगवेगळं लिहून घ्या. घरातल्या जुन्या, बिनशिक्क्याच्या दागिन्याबद्दल शंका असेल तर तो थोडकी फी भरून मान्यताप्राप्त केंद्रातून तपासून घेता येतो. मोडायची वेळ येण्याआधी तपासा. आणि हॉलमार्कच्या दागिन्याचा कस शिक्क्यापेक्षा कमी निघाला तर त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च दुकानदाराकडून वसूल करण्याचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे. त्यासाठी पावती लागते. ती दागिन्याच्या डबीत ठेवू नका, वेगळी ठेवा.